कामेतसाठी आठ जोड

कामेतचा डोंगर मी कधी पाहिलेला नाही, आणि आता पन्नाशीला टेकल्यावर तो पाहायची हौसही उरलेली नाही. तरी त्याची वाट मला तोंडपाठ आहे. जोशीमठ, मलारी, नीती खोऱ्यातली शेवटची घरं, मग हिमनदी, मग एकावर एक तळ, तिसऱ्या तळाच्या डोक्यावर हजारभर फुटांची खडकाची नि बर्फाची भिंत, ती चढून गेलं की पुढे कामेत आणि त्याचा शेजारी अबी गामीन यांच्या मधली खिंड, आणि खिंडीतून वर उरलेला शेवटचा चढ. नाशिकला अंबडच्या कामगार कॉलनीत वाढलेल्या मुलीला हे कशाला ठाऊक असावं, असं माझ्या सासरच्यांना अजून वाटतं. मी कुणाला फारसं सांगत बसत नाही. आज मात्र सगळंच लिहायचं ठरवून बसले आहे, माझा त्यातला वाटाही.

आमचं घर दोन खोल्यांचं, पण मागे पत्र्याची शेड होती आणि घर खरं तिथेच नांदायचं. अण्णा अंबडच्या एका कारखान्यात लोखंडाला पाणी द्यायच्या खात्यात होते. पाणी देणं म्हणजे लोखंड लाल तापवून तेलात बुडवायचं, मग पुन्हा बेताने शेकायचं, म्हणजे ते हवं तेवढं कडक होतं. कारखान्यात आठ तास हेच करून आल्यावर माणूस घरी आडवा पडेल, पण अण्णा चहा घेऊन मागच्या शेडमध्ये जायचे आणि स्वतःची छोटी भट्टी पेटवायचे. भात्याऐवजी जुना ब्लोअर लावलेला, त्याची घरघर सुरू झाली की आई रेडिओ मोठा करायची. कॉलनीतल्या लोकांच्या कुऱ्हाडी, गवंड्यांच्या छिन्न्या, द्राक्षबागेतल्या कात्र्या, सगळं तिथे यायचं. वारा दक्षिणेचा असला की देवळालीच्या तोफांचा सराव ऐकू यायचा आणि फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. आई मखमलाबादची, फुलशेतीवाल्यांच्या घरातली. ती म्हणायची, "एकीकडं ह्यांचा घण, एकीकडं त्यांच्या तोफा. माझ्या नशिबात शांतता नाय." पण अण्णा एखाद दिवशी उशिरा आले आणि शेड गप्प राहिली, तर तीच चार वेळा दाराशी जाऊन यायची.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नाव विनायक, घरात विनू. कॉलेजात असताना तो गिर्यारोहणाच्या मंडळात शिरला आणि मग आमच्या घरात निकम सर आले. सर शाळेत भूगोल शिकवायचे, अविवाहित होते आणि बोलताना हातातला कप विसरायचे. अंबडला शनिवारी सुट्टी, म्हणून शनिवारी संध्याकाळी ते शेडमधल्या स्टुलावर येऊन बसत आणि कामेतची गोष्ट सांगत. ती गोष्ट आम्ही हप्त्याहप्त्याने ऐकली. पाऊणशे वर्षं कोण कोण त्या डोंगराकडे जाऊन हात हलवत परत आलं, कुणी भलत्याच बाजूने चढायला गेलं, कुणाला शेवटी वाट कळली पण दम पुरला नाही. रसायनशास्त्राचे एक मास्तर खिंडीच्या जवळपास पोहोचले, तर स्टोव्ह नीट पेटेनात आणि हमाल पुढे यायला तयार होईनात. मग एकदाची इंग्रजांची एक तुकडी वर पोहोचली. माणसाने तोवर पाय ठेवलेल्या शिखरांमध्ये ते सगळ्यात उंच. शेवटच्या दोन पावलांना साहेबांनी बरोबरच्या शेर्प्याला पुढे केलं, म्हणजे शिखराला पहिला हात त्याचा लागला. सर हे सांगताना उभे राहायचे.

"आणि मग?" आईने विचारलं. ती दारात गवार मोडत बसली होती.

"मग काय, उतरले. शेर्प्याचे पाय मात्र गारठून गेले होते. बोटं गेली त्याची. लोकांनी पाठीवर घेऊन खाली आणला."

"त्याच्या बायकोला काय सांगितलं असंल?" आई म्हणाली. मी सरांकडची कामेतवरची टिपणं नंतर सगळी वाचली आणि त्यांत याचं उत्तर कुठेच सापडलं नाही.

सरांच्या मंडळाने कामेतला जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात अडलं ते बर्फावर चालताना बुटाखाली बांधायच्या दात्यांवर. त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात, पण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून दातेच. परदेशी दाते मंडळाकडे तीनच जोड होते आणि आणखी घेण्याची ऐपत नव्हती. सर नमुन्याचा एक जोड घेऊन आले. अण्णांनी तो कितीतरी वेळ हातात फिरवला, नखाने टोक पाहिलं, कानस मारून पाहिली आणि म्हणाले, "सर, कानस लागतीय याला. मऊ ठेवलंय. आपण याच्यापेक्षा कडक देऊ." त्या वाक्याने सगळ्यांनाच आनंद झाला. मलाही झाला. द्वारका चौकाच्या पुढच्या भंगारवाल्याकडून अण्णांनी ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे आणले, महिना-दीड महिना रोज शेडमध्ये खपले आणि आठ जोड उभे केले. नवव्याचं एकच पाऊल झालं, दुसऱ्याला पाटा पुरला नाही. एका पावलाला दहा दात. लोखंड शेकताना रंग बदलतो, आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. छिन्नीला पिवळ्यावर थांबवायचं, तिची धार टिकते. स्प्रिंगला निळ्यापर्यंत न्यायचं, ती वाकते पण मोडत नाही. अण्णांचा जन्म छिन्न्यांमध्ये गेलेला. त्यांनी दाते पिवळ्यावर थांबवले. कानस त्यांच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरायची.

थंडीचा विचार त्यांनी केला नव्हता असं कुणी म्हणू नये. सरांनीच विचारलं होतं, "अण्णा, गारठ्यात कसं काय?" त्यावर अण्णांनी डोकं चालवलं. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचा बर्फाचा कारखाना होता, रसवंत्यांना आणि लग्नाकार्यांना लाद्या पुरवायचा. लाद्या जमवायला तिथे खाऱ्या पाण्याचं मोठं टाकं असतं, ते पाणी बर्फापेक्षा गार असूनही गोठत नाही. अण्णांनी सगळे दाते तारेत ओवून चोवीस तास त्या टाक्यात सोडले. दुसऱ्या दिवशी मी, दादा आणि सर पाहायला गेलो. अण्णांनी एकेक दाता बाहेर काढून तिथल्या तिथे ऐरणीवर ठेवला आणि दोन रतली हातोडीने ठोकला. एकही मोडला नाही. कारखान्यातले कामगार गोळा झाले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. "बर्फाच्या कारखान्यात पास झाला, आता बर्फाला काय भ्यायचं!" असं अण्णा म्हणाले आणि येताना सगळ्यांना जिलबी घेतली. टाक्यातलं पाणी किती गार आहे आणि कामेतवर किती गार असतं, हा साधा हिशेब आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. मी तेव्हा पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. मीही नाही विचारला.

गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी दादासकट मंडळी निघाली. आईने आठवडाभर आधीपासून डबे भरले होते. शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट, सातूचं पीठ, लसणाची चटणी, आणि थंडीत तूप गोठेल म्हणून तेलातल्या दशम्या. नाशिकरोड स्टेशनवर आईच्या माहेरच्या झेंडूचे हार होते. सरांनी गाडी यायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं की आमचे पाय अण्णांच्या हातांवर उभे आहेत, आणि अण्णांच्या गळ्यात हार घातला. कारखान्यात वीस वर्षं घालवून अण्णांना कुणी कधी हार घातला नव्हता. ते मान खाली घालून उभे राहिले आणि घरी येईपर्यंत त्यांनी तो गळ्यातून काढला नाही. रिक्षावाल्यानेही विचारलं, "काय काका, निवडून आले काय?"

घटस्थापनेच्या दिवशी आमच्या पॉलिटेक्निकच्या वेळापत्रकात धातुशास्त्राचा तास होता. मास्तरांनी एका डब्यात स्पिरिट आणि कोरडा बर्फ घेतला, आइस्क्रीमवाल्यांकडे मिळतो तो. कडक पाणी दिलेला पोलादाचा तुकडा त्यात बुडवून ठेवला, मग लंबकाच्या यंत्रावर धरला आणि लंबक सोडला. तुकडा खडूसारखा मोडला. "थंडीत लोखंड ठिसूळ होतं," ते म्हणाले, "आणि जितकं जास्त कडक केलेलं, तितकं लवकर दगा देतं. साध्या बर्फाच्या थंडीत कळत नाही. त्याच्या बरंच खाली गेलं की कळतं." पोरं हसत होती, कुणीतरी मोडलेला तुकडा खिशात घातला. मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पिवळ्यावर थांबवले.'

मी त्या दिवशी घरी येऊन बोलले नाही. हे वाक्य मला आजवर कुठे लिहिता आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलले नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आई घटाला माळ घालायची, संध्याकाळी आरती व्हायची, अण्णा टाळ्या वाजवत मोठ्याने म्हणायचे आणि आरती झाली की नकाशावर बोट ठेवून म्हणायचे, "आज दुसऱ्या तळावर असतील." त्यांचा तो हार अजून खिळ्याला होता, वाळून खडखडीत झालेला. मी स्वतःशी म्हणायचे की ते तुकडे वेगळे, आपला पाटा वेगळा. मास्तरांना काय माहीत अण्णांचा हात. आपण दोन बुकं शिकलो म्हणून बापाला शिकवायचं का. खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहरा पडलेला पाहायचा नव्हता, बाकी सगळी कारणं मी त्यावर पांघरूण म्हणून घातली. पुढे मी उभी नोकरी तपासणी खात्यात काढली, आणि नुसता संशय आला तरी आख्खा लॉट थांबवणारी बाई म्हणून लोक मला टरकून असत. ते शहाणपण तेव्हा हवं होतं.

अष्टमीला न राहवून मी शेडमधल्या डब्यातून एक सुटा दात उचलला, नवव्या जोडासाठी केलेला, आणि प्रयोगशाळेतल्या मास्तरांच्या पाया पडून तो कोरड्या बर्फात बुडवला. लंबक जेमतेम अडखळला. दाताचे दोन तुकडे झाले, आतला भाग साखरेसारखा चकाकत होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अण्णांनी शेड झाडून, भट्टी सारवून हत्यारं मांडली होती. घण, सांडशी, कानशी, हातोड्या, आणि मध्यभागी नवव्या जोडाचं ते एकटं पाऊल. ते त्याला कुंकू लावत होते. मी रुमालातले दोन तुकडे समोर ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. अण्णांनी तुकडा उजेडात धरला. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, लोखंडाचं आतडं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"तुला कधी कळलं हे?"

"काल," मी म्हणाले.

ते उठले. पूजा तशीच टाकून, कुंकवाच्या बोटाने, चप्पल न घालता ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. सरांनी जोशीमठच्या एका लॉजवाल्याचा नंबर देऊन ठेवला होता. दोन तास अण्णा नंबर फिरवत राहिले. लागला तेव्हा त्यांनी ओरडून सांगितलं, आणि बूथमध्ये उभे असलेले सगळे ऐकत होते, "मी नाशिकवरून बोलतोय. दाते मी बनवलेत. चुकीचे बनवलेत. माणसं वर हायेत. कोणालाच घालू देऊ नका." लॉजवाल्याला मराठी कळेना. बूथवाल्या पोराने ते हिंदीत करून दिलं. तिथून तो निरोप सीमेवरच्या चौकीत गेला, वायरलेसने खालच्या तळावर पोहोचला दसऱ्याला, आणि तिथून माणूस चढत तिसऱ्या तळावर गेला तो एकादशीच्या दुपारी. सर आणि दादा त्या सकाळी भिंतीवर दोर लावायला निघून गेले होते.

दादाच्या उजव्या पायाचे पुढचे दोन दात मोडले. तो चाळीसेक फूट घसरला, दोराने धरला म्हणून वाचला. पण दात्याची चौकट वाकून बुटात रुतली, पट्टा आवळला गेला, आणि सरांनी त्याला एकट्याने खाली आणेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्याच्यापासून पाच-सातशे फुटांखाली, तळावर, निरोप घेऊन आलेला माणूस अंधार पडेपर्यंत वर पाहत उभा होता. मोहीम तिथेच संपली. सरांनी उरलेले दाते हिमनदीच्या भेगेत टाकून दिले. डेहराडूनच्या इस्पितळात दादाच्या त्या पायाची गारठून गेलेली तीन बोटं काढली. आम्ही पोहोचलो तेव्हा तो झोपेत होता, आई उशाशी बसली, अण्णा दाराबाहेरच थांबले. व्हरांड्यात ते मला एवढंच म्हणाले, "एक दिवस आधी कळलं असतं, तर." मी तिथे भिंतीला टेकून उभी होते. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं आणि मी नाही बोलले, ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा ही मला जास्त छळते.

त्यानंतर शेडमधून आवाज आला नाही. अण्णांनी ब्लोअर विकला, भट्टीच्या विटा शेजाऱ्याने तुळशीवृंदावनाला नेल्या. लोक कात्र्या घेऊन यायचे, तर आई दारातून म्हणायची, "आता नाय करत ते." सर वर्षातून दोनदा यायचे, समोरच्या खोलीत बसून द्राक्षांच्या भावाबद्दल बोलायचे आणि कपातला चहा संपवून जायचे. दादाने ठिबकच्या सामानाचं दुकान टाकलं, लग्न झालं, तो जरासा लंगडत चालायचा पण कुणी विचारलं तर गाडीवरून पडलो म्हणायचा. मी लग्न होऊन पुण्याला गेले. अण्णा निवृत्त झाले, वाकले, कानाने कमी ऐकू लागले. अकरा वर्षं अशी गेली.

त्या वर्षी भाऊबीजेला मी माहेरी होते. आमच्याकडे भाऊबीजेला बहिणीने भावाला तेल-उटणं लावायची रीत आहे. दादा पाटावर बसला होता, मी त्याच्या पाठीला तेल चोळत होते. त्याचं तोंड पलीकडे होतं, कदाचित म्हणूनच मला जमलं. मी म्हणाले, "दादा, मला आठ दिवस आधीपासून माहीत होतं." आणि सगळं सांगितलं. घटस्थापना, लंबक, माझं गप्प बसणं, अण्णांना 'काल' म्हणणं. माझे हात थांबले होते. मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि मला पुन्हा तोंड दाखवणार नाही, आणि तसं झालं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"रेखे," तो म्हणाला, "मला चीर दिसली होती."

"कुठली चीर?"

"दाताच्या बुडाशी. केसासारखी. दुसऱ्या तळावर दाते पुसताना दिसली. मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, सर विचारायला लागले तर म्हटलं बर्फ चिकटतो म्हणून लावलीय. त्यांना दाखवली असती तर मला खाली पाठवलं असतं. मग सगळेच दाते बाद, आणि परदेशी जोड तीनच होते ना. मला जायचं होतं गं वर." मग तो म्हणाला, "अण्णा डेहराडूनला दाराबाहेर उभे होते, तेव्हा मी जागा होतो."

मला त्याचा राग आला, भयंकर राग, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. अकरा वर्षं आम्ही दोघं भावंडं वेगवेगळं झाकून बसलो होतो, आणि दोघांचं मिळून ओझं वाहत होता तिसराच माणूस. दादाने अंगावर पंचा ओढला, अंघोळ केलीच नाही. आम्ही तसेच समोरच्या खोलीत गेलो.

अण्णा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. ऐकू यायचं नाही म्हणून आम्हाला हे सगळं मोठ्याने सांगावं लागलं. आधी मी, मग दादा. आई स्वयंपाकघरातून येऊन भिंतीशी उभी राहिली, तिच्या हातात करंज्यांचं ताट होतं. इतकं मोठ्याने स्वतःची चूक सांगायला लागणं ही वेगळीच शिक्षा असते. आमचं संपल्यावर अण्णांनी पेपर घडी करून ठेवला. मला वाटलं होतं की ते रडतील, किंवा चिडतील, किंवा निदान सुटल्यासारखा श्वास टाकतील. आम्ही त्यांना मोकळं करायला आलो होतो अशी आमची समजूत होती.

"तू आठ दिवस बोलली नाय, ते तुझं," ते म्हणाले. "यानं चीर झाकली, ते याचं. दात मी केला होता. ते माझंच राहू द्या. ते काय तुम्हाला वाटून घेता येणार नाय."

आई म्हणाली, "अहो, पोरं एवढं सांगताहेत."

"ऐकलं ना मी." मग दादाकडे पाहून म्हणाले, "बस इथं. पाय दाखव."

दादा दचकला. अकरा वर्षांत अण्णांनी तो पाय उघडा पाहिला नव्हता. घरात दादा मोजे घालूनच वावरायचा, आणि चुकून मोजा काढला तर अण्णा उठून बाहेर जायचे, हे आम्ही सगळे पाहून न पाहिल्यासारखं करत आलो होतो. तो त्यांच्यासमोर चटईवर बसला. पाय अजून तेलकट होता. अण्णांनी चष्मा पुसला, त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि जिथे बोटं नव्हती तिथली कातडी अंगठ्याने हळूहळू चाचपली, एकेक जागा, घाई न करता.

"थंडीत दुखतं का रे?" त्यांनी विचारलं.

"दुखतं, अण्णा," दादा म्हणाला.